टेपबरोबर भिंतीचा रंगही निघतोय? आधी टेपची चिकट बाजू बघा

इंदूरमध्ये ही तक्रार वर्षातून दोनदा हमखास कानावर येते. एकदा अनंत चतुर्दशीनंतर, घरच्या गणपतीची आरास उतरवताना. दुसऱ्यांदा दिवाळीच्या तोंडावर, मुलांच्या खोलीत किंवा टीव्हीमागच्या भिंतीवर दोन रंगांचे त्रिकोण-चौकोन काढताना. टेप ओढली की तिच्याबरोबर रंगाची साल निघून येते आणि भिंतीवर बोटभर रुंदीचा पांढरा ओरखडा उरतो. पेंटर म्हणतो टेप हलकी होती. दुकानदार म्हणतो पेंटरने काम कच्चं केलं. घरचे लोक पुढच्या वेळी महागाची टेप आणतात, आणि पुन्हा तेच होतं.

मी घरांच्या रंगकामावर देखरेख करतो, त्यामुळे अशा भिंती सतत बघण्यात येतात. माझं मत ठाम आहे: टेप बदलण्याआधी भिंत तपासा. टेप चिकटते ती फक्त सगळ्यात वरच्या थराला. त्याखाली प्रायमर (रंगाला पकड देणारा अस्तराचा हात) असतो, त्याखाली पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा पांढरा लेप), त्याखाली गिलावा, आणि जुनं घर असेल तर मधे आणखी दोन-चार रंग. ओढ बसली की ज्या दोन थरांमधली पकड सगळ्यात कमी, तिथून भिंत सुटते. टेप चांगली असली तर ओढ कमी बसते, इतकंच. मुळात पकडच नसलेली भिंत त्याने बरी होत नाही. आज टेपने निघाली ती उद्या सोफ्याची पाठ घासून निघेल.

निघालेली टेप फेकू नका

सुदामानगरात एका काकूंकडे गणपतीनंतर गेलो होतो. मखरामागे कापड ताणून बसवायला चारही बाजूंनी टेप लावली होती, ती काढताना हातभर लांबीची साल आली. काकू म्हणाल्या, "अहो, रंग दोन वर्षांपूर्वीचाच आहे, आणि तोही भारीतला. मग असं कसं?" काढलेली टेप मी मागून घेतली आणि खिडकीपाशी नेऊन उलटी धरली. चिकट बाजूला पिस्ता रंगाची साल होती, आणि सालीची पाठ पांढरी. त्या पांढऱ्यावर बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखी भुकटी लागली. भिंतीवर उघड्या पडलेल्या जागी बोट फिरवलं, तिथेही तीच भुकटी. पण ओल्या फडक्याने पुसल्यावर खालची पुट्टी मात्र टणक निघाली.

म्हणजे रंग भारीतला होता, पुट्टीही नीट होती. गडबड त्या दोघांच्या मधे होती. पुट्टी रेगमालने, म्हणजे सँडपेपरने, घासली की भिंतीवर बारीक धूळ बसते. ती झाडूने वरवर झटकून वरून प्रायमर मारला, तर प्रायमर पुट्टीला न धरता धुळीला धरतो. दिसायला भिंत झकास दिसते, वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि पहिली टेप ओढली जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मी पाहिलेल्या भिंतींत सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच. त्यामुळे पेंटरकडून एकच गोष्ट आग्रहाने करून घ्यायची असेल, तर ती ही: घासून झाल्यावर आधी कोरडा मऊ ब्रश, मग पिळून घेतलेलं ओलसर फडकं, आणि भिंत सुकल्यावर तळहात फिरवून बघणं. तळहात पांढरा झाला तर पुन्हा पुसायचं. प्रायमर त्यानंतर.

आता बाकीच्या खुणा. चिकट बाजूला फक्त वरच्या रंगाची पातळ साल आली, बोटाने ओढली तर ती रबरासारखी ताणते आहे, आणि भिंतीवर खाली जुना चकचकीत रंग जसाच्या तसा आहे, तर नवा रंग जुन्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरलाच नाही. जुन्या ऑइल पेंटवर न घासता पाण्याचा रंग मारला की हमखास असं होतं. आपल्याकडे जिन्यात, न्हाणीघराबाहेर आणि स्वयंपाकघरात कंबरेच्या उंचीपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा मारायची पद्धत होती. त्यावर नंतर कुणीतरी इमल्शन, म्हणजे पाण्याचा रंग, फिरवतं आणि खालचा पट्टा विसरला जातो.

सालीबरोबर पुट्टीचीच जाडसर खपली आली आणि खाली करडा सिमेंटचा गिलावा दिसला, तर पुट्टीचा थर गिलाव्याला धरलेला नाही. व्हाइट सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत पाण्याने ओलसर करावी लागते. कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी शोषून घेतो, मग सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. उन्हाळ्यात, पारा चाळिशीपलीकडे असताना, हे फार पटकन होतं. दुसरं कारण म्हणजे वाकडी भिंत पुट्टीने सरळ करायचा हट्ट. पुट्टी दोन हात मिळून साधारण दीड मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल खड्डा गिलाव्यानेच भरायला हवा.

टेपवर साल नाहीच, नुसती रंगीत भुकटी आली आणि टेपही नीट चिकटली नव्हती, तर भिंतीवर साधा डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग) किंवा चुना आहे. त्याची खात्री तळहात फिरवून लगेच होते. आणि चार-पाच रंगांचा जाड पापुद्रा निघाला, शेवटी निळसर चुना, तर ते राजवाड्याच्या आसपासच्या किंवा जुन्या इंदुरातल्या एखाद्या वाड्याचं घर असणार. अशा भिंतीबद्दल पुढे वेगळं सांगतो.

ओल आहे का, हे ठरवा

साल भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांतच निघते का? उघड्या जागी पांढरा, खारट, कापसासारखा फुलोरा दिसतो का? तर तो लोणा आहे, आणि भिंतीत पाणी आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात सुकून भेगाळते. त्या हालचालीने जोत्याला आणि भिंतींना बारीक तडे जातात, त्यातून पाणी चढतं, आणि चढताना विटा-गिलाव्यातले क्षार वर आणतं. पाणी सुकतं, क्षार रंगाच्या मागे साचतात आणि रंगाला आतून ढकलतात. इथे टेपची काही चूक नाही. ती भिंत टेपविनाही पोपडे टाकणारच होती.

शंका असेल तर फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी बंद करून लावा आणि एक दिवस राहू द्या. अर्थातच जिथला रंग तसाही काढायचा आहे, अशा जागी. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं तर खोलीच्या हवेत दमटपणा आहे, खिडक्या उघडा. भिंतीत ओल असेल तर आधी तिचा उगम शोधा: गच्चीचा निचरा, बाथरूमचा पाइप, बाहेरच्या भिंतीचा तडा. ओलीवर पुट्टी आणि रंगाचा खर्च करणं मला मनापासून चुकीचं वाटतं, कितीही "डॅम्पप्रूफ" लिहिलेलं असलं तरी.

भिंत ठीक, पण रंग कोवळा

पाण्याच्या रंगाला हात लावला तर तो तासाभरात सुकलेला वाटतो. दुसरा हात साधारण चार तासांनी मारता येतो. पण हे नुसतं वरचं सुकणं. आतले कण एकमेकांत मिसळून त्यांची सलग, घट्ट फिल्म व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी टेप लावली तर ती कोवळ्या थराला घेऊन येऊ शकते.

दिवाळीच्या गडबडीत नेमकं हेच होतं. सोमवारी भिंत रंगवली, मंगळवारी सकाळी टेप लावून त्रिकोण काढायला घेतले. एक दिवस हा अगदी शेवटचा किमान हिशेब, तोही पंखा चालू आणि हवा कोरडी असेल तर. गडद रंग असेल, पावसाळा असेल किंवा थंडीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास असेल, तर तीन-चार दिवस थांबा. नक्षीचं काम नंतर करायचं असेल आणि घाई नसेल, तर महिनाभर थांबण्यासारखं उत्तम काही नाही. पेंटर यासाठी तयार होत नाहीत, कारण त्यांना दुसरीकडे काम असतं. नक्षीचं काम वेगळं ठरवून त्याचे पैसे वेगळे द्या, पण भिंतीला वेळ द्या.

नव्या घरात गिलावा नवा असेल तर त्याची सोय आधीपासून हवी. गिलाव्याला सुकून पक्का व्हायला सुमारे २८ दिवस लागतात. घाईत त्यावर चढवलेले सगळे थर पुढे सुटतात.

टेपची बाजू

मास्किंग टेपचा जन्मच या तक्रारीतून झाला. १९२० नंतरच्या काळात अमेरिकेत मोटारी दोन रंगांत रंगवायची फॅशन होती, आणि कारागीर जी चिकटपट्टी वापरत ती काढताना ताजा रंग निघायचा. थ्री-एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रूने हे बघून कमी चिकट, सहज निघणारी कागदी पट्टी तयार केली, १९२५ साली. म्हणजे ही टेप पत्र्यावरच्या रंगासाठी आणि थोड्या वेळासाठी बनलेली आहे. आपण ती पुट्टीच्या भिंतीवर लावतो, आणि गणपतीचे दहा दिवस ठेवतो.

सियागंज किंवा राणीपुऱ्याच्या बाजारात मिळणारी साधी पिवळट टेप रबराच्या गोंदाची असते. तो गोंद वेळ जाईल तसा आणि उष्णता मिळेल तसा घट्ट धरत जातो. ही टेप त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी काढायची. निळी पेंटर टेप अ‍ॅक्रिलिक गोंदाची असते. तिच्या वेष्टनावर किती दिवसांत स्वच्छ निघेल ते लिहिलेलं असतं, बहुधा १४ दिवस. ताज्या रंगासाठी त्याहून सौम्य, "डेलिकेट सरफेस" लिहिलेली टेप घ्या. रुंदीची हाव नको: २४ मिलिमीटरची पुरते. ४८ची टेप दुप्पट जागा धरते आणि काढताना दुप्पट ओढते. दोन बाजूंनी चिकटणारी फोमची टेप आणि पॅकिंगची ब्राऊन टेप रंगवलेल्या भिंतीला लावूच नका. त्या धरून ठेवण्यासाठी बनलेल्या आहेत.

हाताशी साधीच टेप असेल तर एक जुना उपाय चांगला चालतो. पट्टी लावण्याआधी ती स्वच्छ सुती कापडावर, अंगातल्या सदऱ्यावरही चालेल, एक-दोनदा चिकटवून काढा. कापडाचे बारीक तंतू गोंदावर बसतात आणि पकड अर्ध्यावर येते. रेघेच्या कामाला तेवढी पकड भरपूर झाली.

लावायची आणि काढायची रीत

पूर्ण टेप तळहाताने दाबून बसवायची गरज नसते. ज्या कडेला रंगाची रेघ येणार, तेवढीच कड पत्रीने (पुट्टी लावायच्या पातळ लोखंडी पट्टीने) किंवा जुन्या एटीएम कार्डाने दाबा. दुसरी कड सैल राहू द्या. त्यामुळे धरलेली जागा निम्म्याहून कमी होते, आणि काढायला टोकही हाती लागतं. रंग कडेखाली झिरपू नये म्हणून आधी भिंतीच्या मूळ रंगाचा एक पातळ हात कडेवरून मारा, तो सुकला की नवा रंग. झिरपायचं ते मूळ रंगच झिरपतो आणि दिसत नाही. नवा रंग पातळच, दोन हातांत. एकच जाड हात मारला तर टेपच्या कडेवर रंगाची जाड फिल्म बसते, आणि ती टेपबरोबर भिंतीवरचा भागही ओढून आणते.

काढायची वेळ ही खरी परीक्षा. शेवटचा हात मारून झाल्यावर रंग अजून ओलसर आहे, तेव्हा काढलेली टेप सगळ्यात स्वच्छ निघते. तो क्षण हुकला तर मधे काढू नका. मधल्या काही तासांत रंग रबरासारखा असतो. ताणला जातो आणि वाकडातिकडा फाटतो. तेव्हा पूर्ण एक दिवस थांबा, मग कटरमध्ये नवं पातं घालून टेपच्या कडेने हलका चीर द्या. पातं फक्त रंगाच्या फिल्ममधून जायला हवं, पुट्टीत नको. कड बंद करायला मारलेला मूळ रंगाचा हात किंवा नव्या रंगाचा पहिला हात कडेवर आधीच सुकला असेल, तर ओल्यातही हा चीर दिलेला बरा.

ओढताना पट्टी तिच्याच अंगावर दुमडा, भिंतीशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवा, आणि सावकाश ओढा. सावकाशपणाला कारण आहे: हा गोंद झटका दिला की कडक वागतो आणि हळू ओढलं की नरम. भरभर ओढलेली तीच टेप दुप्पट जोराने रंग खेचू शकते. हाताला अडकल्यासारखं लागलं तर थांबा, दुसऱ्या टोकाने सुरू करा. दिवसेंदिवस राहिलेल्या टेपवर हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून, मध्यम उष्णतेवर फिरवा, गोंद गरम असेपर्यंत तेवढ्यापुरता सैल होतो, तेव्हाच तेवढा भाग काढा, मग पुढे. माझ्या मते गणपतीच्या टेपसाठी ड्रायर हाताशी ठेवलाच पाहिजे.

निघालं तर निघालं, आता दुरुस्ती

नुसता रंग लावून झाकायचा प्रयत्न करू नका. कडेची पायरी दिव्याच्या उजेडात लगेच दिसते. आधी पत्रीने कडेकडेची सुटी साल काढा, जिथे पत्री अडखळेल तिथपर्यंत. ही जागा सुरुवातीला दिसली त्याहून मोठी होणार, त्याने खचू नका. सुटलेला रंग ठेवून वर पुट्टी भरली तर तोच कोपरा पुन्हा निघेल. मग १२० नंबरच्या रेगमालने कड उतरती करा, पुसा, प्रायमर द्या, पातळ पुट्टी, सुकल्यावर २२० नंबरचा हात, पुन्हा पुसणं, पुन्हा प्रायमर, आणि रंग दोन हात. शक्य असेल तर रंग डागावर न थांबवता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंत ओढा, नाहीतर ठिगळ दिसतं.

जुन्या घरात घासताना एक काळजी घ्या. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. दारं, खिडक्या आणि तो कंबरेपर्यंतचा पट्टा कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, लहान मुलांना खोलीबाहेर ठेवा, धूळ ओल्या फडक्याने उचला.

डिस्टेंपरची भिंत असेल तर तिला रंगाचा नवा हात म्हणजे भुकटीवर चादर. पाणी मारून, खरवडून तो पूर्ण काढा, मग प्रायमर. वाड्यातल्या चुन्याच्या भिंतीवर मात्र मी टेप लावूच देत नाही, आणि चुन्यावर पुट्टी-इमल्शन चढवायलाही माझा विरोध आहे. चुना श्वास घेतो, वरची फिल्म तो अडवते आणि फुगते. अशा भिंतीवर दोन रंगांची सीमा हवी असेल तर सुतळीला नीळ लावून, दोन टोकांना ताणून मधे टिचकी मारा. सरळ रेघ उमटते. मग बारीक ब्रशने हाताने रंग भरायचा. जुने पेंटर रंगाचा पट्टा असाच मारायचे, आणि इंदुरात असे हात अजून आहेत, विचारलं तर सापडतात.

गणपतीसाठी

पावसाळ्याच्या शेवटी भिंती आधीच दमट असतात, टेप दहा दिवस राहते, आणि वर दिव्यांच्या माळेची उष्णता. तिन्ही गोष्टी रंगाच्या विरोधात. कापड पडद्याच्या रॉडवरून सोडा, किंवा सुताराकडून मखराच्या मागे स्वतःच्या पायावर उभी राहणारी हलकी लाकडी चौकट करून घ्या, ती पुढची कित्येक वर्षं चालते. माळ टाचायची तर दाराच्या लाकडी चौकटीला किंवा टाइल्सना टेप लावा. भिंतीला लावणं टळणारच नसेल, तर सौम्य टेप, कापडावर आधी चिकटवून, आणि जागा अशी निवडा की वर्षभर तिथे कपाट किंवा फोटो असतो.

आणि रंगाचा उरलेला अर्धा लिटर टाकू नका. छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरून ठेवा म्हणजे वर साय धरत नाही, आणि झाकणावर शेड कोड, खोलीचं नाव आणि तारीख लिहा. पुढच्या दुरुस्तीला दुकानात तोच रंग पुन्हा तयार करून घ्यायची वेळ आली, तरी तो कोड लागतोच.